पाळी गावची तांबडी दोरी

आमच्या प्रयोगशाळेत लेसरचा पहिला व्यावहारिक उपयोग मी केला. त्याच्या वीजपुरवठ्याच्या पेटीवर मी पाव गरम करायला ठेवले. नोकरीला लागून फार दिवस झाले नव्हते. सकाळच्या बसने कारापूरहून निघायचं, साखळीच्या स्टँडवर पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, गरम उंडे, आमचे गोल पाव, घ्यायचे आणि पणजीपलीकडच्या पठारावर पोचेपर्यंत ते थंडगार करायचे, असा माझा नेम होता. आईने डब्यात दिलेली वाटाण्याची पातळ भाजी थंड चालायची, पण थंड उंडा म्हणजे कडक कवचातला कापूस. आणि ती पेटी किती छान तापायची! वरच्या बाजूला हवा खेळायला भोकं पाडलेली, त्यातून ऊब येत असे. मी दोन उंडे त्या भोकांवर उपडे घातले आणि दुपारी असा काही जेवलो की मोठमोठ्या शास्त्रज्ञांना हे का सुचलं नाही याचं मला नवल वाटलं.

हे आठवडाभर चाललं. मग एका सकाळी केणी सरांनी बटण दाबलं, पेटीतून फटाक्यासारखा आवाज झाला आणि खोलीभर एक विचित्र खमंग वास पसरला. केणी सर आमच्या लेसर विभागाचे प्रमुख. पेडण्याचे. अंगाने बारीक, आवाजाने त्याहून बारीक. त्यांनी पेटी उघडली. आत उंड्याचा चुरा होता, चुऱ्याच्या वासाने आलेल्या मुंग्यांची रांग होती आणि जिथे काही हजार व्होल्ट खेळायचे तिथे त्या रांगेचा शेवट झाला होता. सरांनी चिमट्याने एक तुकडा उचलून उजेडात धरला, बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "उंडो की पोई?" पोई म्हणजे कोंड्याचा चपटा पाव.

"उंडो, सर," मी म्हटलं.

"म्हणून," ते म्हणाले. "पोयेचा एवढा चुरा पडत नाही. उद्यापासून पोई आण, आणि माझ्यासाठीही आण. पण ठेवायची हवा काढायच्या पंपावर. पंपात मुंग्या शिरत नाहीत."

माझ्या नोकरीतला हा पहिला आणि सर्वांत उपयोगी धडा. नंतर कितीतरी वर्षं आमचा विभाग दुपारी पंपावरची पोई खात असे.

विभाग म्हणजे तरी काय? एक लांबट खोली, खिडक्यांना काळं कापड, मधे एक दगडी टेबल आणि आम्ही तिघे. केणी सर, मी आणि मिनगेल. मिनगेल काच फुंकायचा. ज्वाळेवर काचेची नळी फिरवत तो असा काही गाल फुगवायचा की बघणाऱ्याला वाटावं, आता नळी फुटते की मिनगेल. बहुतेक वेळा नळीच फुटायची. मग तो शांतपणे म्हणायचा, "ही नको म्हणत होती," आणि दुसरी घ्यायचा. त्या नळीतली हवा पंपाने काढून टाकायची, तिच्यात हीलियम आणि निऑन हे दोन वायू मोजून भरायचे, दोन्ही टोकांना दोन आरसे बसवायचे आणि वीज सोडायची. नळी लगेच पेटायची, केशरी-गुलाबी, एखाद्या हॉटेलच्या पाटीसारखी. पण ते लेसर नव्हे. आरसे एकमेकांसमोर अगदी नेमके आले की त्यांच्यामध्ये उजेड मागेपुढे धावत वाढतो आणि मग एका टोकाने सरळ, बारीक, तांबडा होऊन बाहेर पडतो. आरसे फिरवायला बारीक स्क्रू होते. ते स्क्रू फिरवण्यात आमचा एक पावसाळा आणि एक हिवाळा गेला. विकत आणलेला लेसर सहज मिळाला असता, पण सरांचा हट्ट होता की गोव्यात बनलेला लेसर हवा. मिनगेल म्हणायचा, "गोव्यात बनलेला म्हणूनच दुपारी झोपतोय."

टेबल हलू नये म्हणून त्याच्या पायांखाली रबराच्या हवा भरलेल्या ट्यूबा ठेवायच्या असं सरांनी कुठेतरी वाचलं. त्या ट्यूबा मी आणल्या, साखळीच्या गॅरेजमधून, खाणीच्या ट्रकांच्या टाकून दिलेल्या. बसमध्ये त्या गळ्यात घालून उभा होतो. कंडक्टरने विचारलं, "पोंवपाक वता?" पोहायला चाललोय का, म्हणून. मी म्हटलं, "नाही, विज्ञानाला." त्याने तिकीट मात्र ट्यूबांचंही काढायला लावलं.

आणि एका दुपारी, पोई खाऊन सर अर्धवट डुलकीत एक स्क्रू फिरवत असताना, समोरच्या भिंतीवर तो ठिपका आला. मसुरीच्या डाळीएवढा. तांबडा. ठिपका म्हणजे भिंतीवर रंग लावल्यासारखा नव्हे, त्याच्या आत जणू वाळू सळसळत होती. "हलूं नाका!" सर ओरडले. त्यांचा एवढा मोठा आवाज मी आयुष्यात तेव्हाच ऐकला. आम्ही तिघेही जिथे होतो तिथे थिजलो. मिनगेल एका पायावर होता, तो तसाच राहिला. किती वेळ गेला कोण जाणे, मग सरांनी स्क्रूवरून बोट अलगद उचललं, ठिपका जागच्या जागी राहिला आणि मिनगेल पाय खाली टेकता टेकता रडायला लागला. मीही. सर म्हणाले, "रडायला काय झालं? चहा सांगा," आणि चष्मा पुसायला खिडकीकडे गेले. खिडकीला काळं कापड होतं. तिकडे बघण्यासारखं काहीच नव्हतं.

त्या संध्याकाळी मी घरी धावत गेलो. आई मागच्या दारी नारळ खवत होती. मी तिला सगळं सांगितलं. तिने खवणीवरून न उठता विचारलं, "म्हणजे त्यावर वाचता येतं?"

"नाही."

"स्वयंपाकघरात लावता येतो?"

"नाही गो आई, एक ठिपका येतो. पण अगदी सरळ जातो. लांबपर्यंत गेला तरी पसरत नाही."

"एवढी वर्षं शिकून एवढुसा ठिपका?" ती म्हणाली. मग माझं तोंड बघून तिला दया आली असावी, कारण तिने खवलेल्या चवाची एक मूठ माझ्या हातावर ठेवली. "असूं दे. हळूहळू मोठा होईल."

ठिपका मोठा होत नाही यातच त्याची थोरवी आहे, हे तिला मी शेवटपर्यंत पटवू शकलो नाही. गेल्या वर्षी माझ्या डोळ्यावर लेसरने उपचार झाले. तरुण डॉक्टरबाईंनी विचारलं, "काका, भीती वाटते का?" मी म्हटलं, "बाई, मी याच्यावर पाव गरम केलेत." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू डोळ्यांआधी डोकं तपासायला हवं होतं. आईची आठवण आली. आज किराणा दुकानातली पोरगीसुद्धा साबणाच्या वडीवरून तांबडी रेघ फिरवते. ठिपका मोठा झाला नाही, पण घराघरांत शिरला.

तर सांगत होतो ते आमच्या घराविषयी. तेव्हा गोव्यात भाषेवरून रण पेटलं होतं. कोंकणी की मराठी, यावरून रस्ते अडत, बस बंद पडत, आणि मी सायकलवरून पठार चढून घामाघूम होऊन सरळ रेषेचा अभ्यास करायला जात असे. माझे बाबा मराठी शाळेतले मास्तर, पक्के मराठीचे. ते ओट्यावर बसून शेजाऱ्यांशी तावातावाने भांडत आणि ते सगळं भांडण आमच्या घरच्या बोलीत, म्हणजे जिला दुसरी बाजू कोंकणी म्हणत होती त्याच भाषेत चालायचं. फक्त निषेधाचा अर्ज मराठीत लिहीत. आई म्हणायची, "भांडा, पण पेज थंड होते." पेज आणि करमलांचं लोणचं पुढ्यात आलं की दोन्ही बाजू गप्प व्हायच्या.

अशा दिवसांत बाबांनी माझ्यासाठी मुलगी पाहिली ती नेमकी कोंकणीवाल्यांच्या घरातली. म्हणजे पाहिली आईने, एका लग्नात. बाबांना बाजू नंतर कळली. मुलगी शालन, पाळी गावची. तिचे वडील खाणीवर मुकादम. सगळे त्यांना भाऊ म्हणत, मॅनेजरसुद्धा. भाऊंची उंची बेताची, मिशा मात्र बेताबाहेरच्या. ते आमच्याकडे घर बघायला आले, ओट्यावर बसले, बाबांशी भाषेवरून रीतसर तासभर भांडले, सोलकढी दोनदा मागून घेतली आणि मग माझ्याकडे वळले.

"तुजें काम कितें रे पुता?"

मी सांगितलं. नळी, वायू, आरसे, ठिपका. त्यांनी मिशीवरून हात फिरवला.

"आनी तो ठिपको कोणाक जाय?" कोणाला हवाय?

हा प्रश्न त्या दिवसांत आमच्या वर्मीच लागायचा. कारण वरून सरांना तेच विचारलं जात होतं. लेसर झाला, अभिनंदन, पण त्याचा उपयोग काय? पावसाळ्याआधी कोणी तरी, एखादा कारखाना, एखादी खाण, "आम्हाला हे हवं" असं म्हणाली नाही, तर विभाग बंद होणार होता. सरांना आणि मिनगेलला दुसरीकडे सामावून घेतलं असतं. माझी नोकरीच विभागापुरती होती. ही गोष्ट मी भाऊंना सांगू नये असं आईने मला बजावलं होतं, म्हणून मी ती लगेच सांगितली.

आईने आतून भांडं आपटलं.

भाऊ मात्र खूश झाल्यासारखे दिसले. "खरें उलयलो," खरं बोलला, असं ते बाबांना म्हणाले. मग मला: "सरळ वता म्हणटा? किती सरळ?"

"दोरीपेक्षा सरळ," मी म्हटलं.

आता हे मी भाऊंपुढे बोलायला नको होतं, पण मला काय ठाऊक? भाऊंची सगळी अब्रू दोरीत होती. खाणीवर दगड फोडायच्या यंत्रापासून ढिगापर्यंत माल वाहून नेणारा रबराचा लांबच लांब पट्टा होता, पत्र्याच्या शेडमधून जाणारा. तो पट्टा ज्या लोखंडी घोड्यांवरून फिरतो ते घोडे एका ओळीत हवेत, नाहीतर पट्टा एका बाजूला सरकतो आणि माल खाली सांडतो. ते घोडे भाऊंनी स्वतः दोरी ताणून ओळीत बसवले होते. आणि पट्टा सरकत होता. माल सांडत होता. फावडी घेऊन माणसं दिवसभर तो वर टाकत होती. दोष रबराचा, असं भाऊंचं मत होतं.

"बरें," ते उठताना म्हणाले. "आमच्या पट्ट्याक लावून दाखय. मॅनेजराक हांव सांगतां. बरें दिसलें जाल्यार खाण घेतली. आनी मागीर..." चांगलं दिसलं तर खाण ते घेईल, आणि मग... पुढचं ते बोलले नाहीत, पण आतल्या खोलीतल्या आईला ते ऐकू गेलं.

सरांना सांगितलं तर ते आनंदाने टेबलाभोवती एक फेरी मारून आले. मिनगेलला सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे बघ हां. तुझा लेसर चुकला, तर नोकरी गेली आणि बायको गेली. लेसर बरोबर आला, तर सासऱ्याची दोरी चुकली, म्हणजे बायको गेली. नोकरी राहिली. एवढंच काय ते नशीब." हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. त्या दिवसापासून मला पोई गिळवेना.

आम्ही एकदा जीपने पाळीला जाऊन जागा पाहून आलो, लेसर घेऊनच. ते दृश्य मी विसरणार नाही. प्रयोगशाळेत आमची किरणरेषा दिसायचीच नाही. नळीपाशी काही नाही, मधे काही नाही, एकदम भिंतीवर ठिपका. पण पाळीला हवेत कायम तांबडी धूळ. झाडं तांबडी, छपरं तांबडी, माणसांच्या भुवया तांबड्या. शेडमध्ये बटण दाबलं आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत हवेत एक सणसणीत तांबडी दोरी ताणली गेली. धुळीच्या कणाकणावर उजेड पडून ती चमकत होती. त्या वेळी तिथे फक्त आम्ही आणि एक राखणदार होता. राखणदाराने हात जोडले. घोडे ओळीत आहेत का हे पाहायचं आम्हाला उत्साहात सुचलंच नाही. मी तिथून सरळ भाऊंच्या घरी गेलो आणि चहा घेता घेता सांगून आलो की भाऊ, तुम्ही बघाच, हवेत दोरी दिसते, तांबडी, हात लावला तर हाताला लागत नाही. दाराआड शालन होती. तिची पावलं तेवढी दिसली.

दाखवायचा दिवस आला. शिमगा होऊन गेला होता, ऊन भाजत होतं. आम्ही पोचलो तर खाणीवर जत्रा. भाऊंनी अख्खा गाव बोलावला होता. शेडला आंब्याचे टहाळे बांधलेले, एका बाजूला बाया, त्यांत शालन आणि तिची आई, दुसरीकडे फावडी टेकवून उभे असलेले कामगार, पुढे खुर्चीवर मॅनेजर. भाऊ धुतलेलं धोतर नेसून उभे होते. सगळीकडे कसं स्वच्छ, ओलं, गारगार वाटत होतं. मातीचा वास येत होता. मला फार बरं वाटलं. इतकं बरं का वाटतंय याचा विचार करायला हवा होता, तो मी केला नाही.

सरांनी यंत्र मांडलं, शेडला बाजूंनी गोणपाटं सोडून अंधार केला, मला म्हणाले, "दाब."

मी दाबलं. त्या टोकाच्या फळीवर ठिपका पडला. मधे काहीच नाही.

गावाने वाट पाहिली.

"इतलेंच?" मागून एका म्हातारीने विचारलं.

भाऊ पुढे आले. त्यांनी हवेत इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. "दोरी खंय रे?"

मी सरांकडे पाहिलं. सरांनी जमिनीकडे पाहिलं. जमीन ओली होती. धूळ बसवायला पाणी मारणारा खाणीचा टँकर दारात उभा होता, नळातून अजून थेंब गळत होते.

"भाऊ," सर बारीक आवाजात म्हणाले, "पाणी कोणी मारलं?"

"हांवें मारून घेतलें," भाऊ अभिमानाने म्हणाले. "पयलेच फावट पणजेची मनशां घरा येतात, तांकां धुल्लांत बसोवपाचीं?" पणजीची पाहुणेमंडळी पहिल्यांदाच येतात, त्यांना काय धुळीत बसवायचं? पहाटेपासून तीन टँकर त्यांनी शेडमध्ये रिकामे केले होते, बायकांनी दारात सडे घातले होते. पाळी गावाच्या हवेत इतकी कमी धूळ खाण सुरू झाल्यापासून कधी नसेल.

सर मॅनेजरना समजावू लागले की उजेड वाटेत कशावर तरी पडला तरच दिसतो, हवा निर्मळ असली की दिसत नाही, दोरी आहे पण दिसत नाही. मॅनेजर मान डोलावत होते, पण डॉक्टर रोग सांगतो तेव्हा आपण डोलावतो तशी. "दोरी आसा पूण दिसना," एक कामगार दुसऱ्याला म्हणाला. त्यावर एक बाई म्हणाली, "म्हज्या घोवाच्या पगारासारकी," म्हणजे नवऱ्याच्या पगारासारखी, आणि सगळी शेड हसली. मिनगेलही हसला. मी गोणपाटाकडे तोंड करून उभा राहिलो.

तेवढ्यात घाडी पुढे आला. घाडी म्हणजे गावातर्फे देवाला गाऱ्हाणं घालणारा माणूस. आमच्या भागात नवीन होडी असो की नवीन ट्रक, त्याने देवाला सांगितल्याशिवाय चाक फिरत नाही. तो मघापासून नारळ हातात धरून ताटकळत होता, आणि चिडला होता. "गाराणें घालचेपयलीं बटण दामलें कोणें?" तो गरजला. सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "मग? दिसतली कशी?"

मॅनेजरनी घड्याळ पाहिलं. सर म्हणाले, "घाला, घाला, अवश्य घाला." लेसर चालूच राहिला. शालनच्या आईने मोठं धुपाटणं पेटवून शेडच्या तोंडाशी ठेवलं, घाडीने नारळ वर धरला आणि पणजीहून आलेल्या पोरांनी आणलेला उजेड देवाच्या पायी घालायला सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या तुज्या पाळी गांवात पणजेच्यान भुरगीं आयल्यांत..."

"व्हय म्हाराजा!" अख्खी शेड.

"तांणीं जो कांय तांबडो उजवाड हाडला, तो तुज्या पांयांक लागूं दी..."

"व्हय म्हाराजा!"

"ताची वाट वांकडी जावं नये, ताका कोणाची दिश्ट लागूं नये..."

"व्हय म्हाराजा!" या वेळी केणी सरांचा आवाजही मी ऐकला.

नारळ फुटला. खोबरं आणि गुळाचा प्रसाद वाटायला सुरुवात झाली. कोणी तरी धुपाटण्यात आणखी धूप टाकला आणि खाडीकडून वाऱ्याची एक झुळूक आली. धुराचा लोट शेडच्या तोंडातून आत शिरला, आणि तो जसजसा पुढे सरकू लागला, तसतशी दोरी दिसू लागली. आधी हातभर. मग माणूसभर. मग धुरात वळवळत, चमकत, पण स्वतः जराही न हलता ती शेडच्या पार त्या टोकाला जाऊन फळीला टेकली. मग मघाची म्हातारी म्हणाली, "आयलो गो बाय," आणि सगळी शेड न सांगता ओरडली, "व्हय म्हाराजा!" मिनगेल सर्वांत मोठ्याने.

आणि मग हळूहळू सगळ्यांच्या नजरा खाली वळल्या. कारण दोरीखाली घोडे होते. पहिले ओळीत होते, शेवटचे ओळीत होते, पण मधले सगळे एका बाजूला पोट काढून बसलेले. लांब दोरी ताणली की वाऱ्याने मधे फुगते, तिचा तो फुगवटा जसाच्या तसा लोखंडात उतरला होता. लहान मुलालाही दिसावं असं. कामगार फावड्यांकडे बघू लागले. भाऊ ताठ उभे होते, पण मिशा खाली आल्यासारख्या वाटल्या. बायांच्या घोळक्यात शालन बापाकडे पाहत होती. मी तिचा चेहरा पहिल्यांदाच नीट पाहिला, आणि तो पाहायची ही वेळ नव्हती.

मॅनेजर खुर्चीवरून उठले. त्यांनी सरांना नाही, मिनगेलला नाही, मला विचारलं. "काय हो, तुम्ही बनवलंय ना? याचा अर्थ काय समजायचा?"

मला सगळं सांगायचं होतं. वारा, फुगवटा, झोळ, सगळं मला पाठ होतं, आणि आपल्याला येतं ते न सांगता राहणं हे माझ्या रक्तात नाही. पण त्याच क्षणी घाडीने माझ्या हातावर प्रसाद ठेवला होता आणि सकाळपासून उपाशी असल्यामुळे मी तो सगळा एकदम तोंडात कोंबला होता. चिक्कीच्या पाकासारखा चिवट गूळ. वरचे दात वर, खालचे खाली, मधे खोबरं. मी मॅनेजरकडे पाहून नुसती मान हलवली. होही नाही, नाहीही नाही.

तेवढा वेळ भाऊंना पुरला. ते दोरीच्या कडेकडेने चालत मध्यापर्यंत गेले, वाकले, एका डोळ्याने पाहिलं, पायाने जमीन दाबली. मग सरळ होऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "दोरी मारली तेन्ना जमीन हांगा आसली. पावसान थंय गेली."

म्हणजे दोरी ताणली तेव्हा जमीन इथे होती, पावसाने तिकडे गेली. "जमिनीला पाय फुटले," असं मिनगेल पुटपुटला, आणि केणी सरांनी त्याच्या पायावर पाय दिला.

"अगदी शक्य आहे," सर म्हणाले. "भरावाची जमीन. पावसाळ्यात सरकते."

"म्हणूनच तर असली दोरी हवी," भाऊ मॅनेजरना म्हणाले, जणू हे यंत्र त्यांनीच बनवलं होतं. "जमीन हालली की ही सांगतली. ती हालना."

मॅनेजरनी मान डोलावली, या वेळी खरोखरची. मग काय विचारता! भाऊंनी धोतर खोचलं, पहारी आल्या, घोड्यांचे बोल्ट सुटले, मी पुठ्ठ्याचा तुकडा घेऊन एकेका घोड्यापाशी उभा राहून ठिपका झेलू लागलो आणि शालनची आई धूप घालत राहिली, इतका की आम्ही सगळे शिंकत होतो. उन्हं कलली तेव्हा पट्टा सुरू झाला. घरघरत निघाला, आणि सरळ गेला. एक खडासुद्धा खाली पडला नाही. फावडीवाले फावड्यांवर हनुवट्या टेकून बघत राहिले.

"भाऊ, आतां आमकां काम कितें?" त्यांच्यातल्या एकाने हसत विचारलं.

"फावडीं धुवून दवर," भाऊ म्हणाले. "म्हज्या दारांत मांटवाक जागो सारको करपाचो आसा."

सगळे हसले. बायांत कुजबुज झाली, शालन घोळक्यामागे गेली. मी भाऊंना विचारलं की घरी काही कार्य आहे का. मिनगेलने मला दंडाला धरून बाहेर नेलं आणि मांडव कोणासाठी घालतात ते समजावून सांगितलं.

खाणीने आमचं यंत्र घेतलं, विभाग राहिला, मग दुसऱ्या खाणी आल्या. आमच्या सामानात त्यानंतर कायम एक पितळी धुपाटणं असायचं. तपासणीला आलेल्या एका साहेबांनी त्याबद्दल विचारलं तेव्हा केणी सरांनी "किरणदर्शक" असं उत्तर दिलं, आणि ते चाललं. आमचं लग्न झालं त्या सुमारास गोवा राज्य झालं होतं. मांडवात बाबा आणि भाऊ यांनी भाषेवरून शेवटचं मोठं भांडण केलं, आणि दोघांना एकाच पंगतीत खतखतें वाढून आईने ते मिटवलं.

लग्नानंतर काही दिवसांनी शालन चुलीपुढे बसून पातोळ्यांसाठी हळदीची पानं पुसत होती. मी तिला ऐटीत म्हटलं, "माझ्या लेसरने तुझ्या वडिलांना जिंकलं."

"लेसर कसला?" ती म्हणाली. "माझ्या बाबांना घोडे वाकडे आहेत ते केव्हाचं ठाऊक होतं. त्या दिवशी घरी येऊन आईला म्हणाले, 'सगळें कळून लेगीत भुरगो ओगी रावलो. असलो जांवय मेळचो ना.'" सगळं कळूनही पोरगा गप्प राहिला, असा जावई मिळायचा नाही.

हे ऐकून मी गप्प बसायला हवं होतं. पण मला ते जमत नाही म्हणूनच तर एवढं लिहितो आहे. मी तिला गुळाची हकिगत सांगितली, दातांसकट.

ती पान पुसता पुसता थांबली. माझ्याकडे नीट पाहिलं. "हे बाबांना कधी कळू देऊ नका," ती म्हणाली. "आणि आजपासून खोबरं-गूळ मी घरात कायम ठेवणार."